डब्यात उरलेलं

डब्याचं झाकण उघडलं आणि माझा हात तसाच राहिला. आत शिताके अळंबीचे तीन तुकडे होते. कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, काळपट रसात. बाकी डबा लख्ख. भाताचं शीत नाही, अंड्याच्या वळकटीचा कण नाही, माशाचे काटे तेवढे नीट कडेला लावलेले. म्हणजे भूक नव्हती असं नाही. विसरली असंही नाही. असे तीन तुकडे कुणी विसरत नाही. हे ठरवून ठेवलेले होते.

सिंकवर साडेचारचं ऊन तिरकं येत होतं. डिसेंबरात आमच्या ओइता शहरात ऊन असतं, पण त्यात ऊब नसते. नळ वाहत होता तो मी बंद केला. मारेटला आमच्याकडे येऊन साडेतीन महिने झाले. एस्टोनियाची मुलगी, सतरा वर्षांची, वर्षभर जपानच्या शाळेत शिकायला आलेली आणि तिला आणणाऱ्या संस्थेनं आमच्या घरी ठेवलेली. या साडेतीन महिन्यांत तिचा डबा रिकामा आला नाही असा एक दिवस नाही. नुसता रिकामा नव्हे. शाळेच्या नळावर विसळून, पुसून, रुमालात बांधून, दोन्ही हातांनी माझ्या हातात. वर, "फार छान होतं, आई." रोज. 'आई' म्हणायचं हे तिला संस्थेच्या पत्रकात सांगितलेलं होतं, त्यामुळे त्या शब्दानं मी फारशी हुरळून गेले नव्हते. आज तिनं सायकल लावली, दारातून "मी आले" म्हणाली, डबा न धुता सिंकमध्ये ठेवला आणि जिना चढून गेली. वर दार लागल्याचा आवाज आला. आदळलं नाही, नुसतं लागलं. आणि आज गुरुवार होता. संध्याकाळी सातला एतोबाईंचा फोन यायचा होता.

एतोबाई संस्थेच्या. परदेशी मुलांची घरं त्या बघतात. नियम असा की वर्षात मुलानं दोन घरं बघावीत. नव्या वर्षाला मारेटनं कावानो डेंटिस्टकडे जायचं हे ऑगस्टपासून ठरलेलं. कावानोंचं घर नदीपलीकडे, मोठं. पियानो आहे, मारेटच्याच वयाची मुलगी आहे, कुत्रा आहे. आमच्याकडे काय आहे? मी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारे माझे यजमान, आणि नागोयाला नोकरीला गेलेल्या शूहेईची, आमच्या मुलाची, रिकामी खोली. गेल्या सोमवारी एतोबाई आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, यंदा मुलांनाच विचारायचं ठरलंय. राहायचं तर राहा, जायचं तर जा. "गुरुवारी मी शाळेत जाऊन तिला एकटीला विचारीन. तुम्ही मात्र हा विषय काढू नका हं हिमेनोबाई. तुम्ही राहा म्हणालात तर ती भिडेखातर हो म्हणेल." ते खरंच होतं. मग त्यांनी मला विचारलं, तुमचं काय? आणि मी म्हणाले, "आमची काही हरकत नाही. तिला बरं वाटेल तसं." असं म्हणताना मी कपातल्या चहाकडे बघत होते. हरकत नाही! मनात काय होतं? मनात होतं, नेऊ नका हो तिला. ते तोंडावाटे आलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पण जे हवं असतं तेच मागताना माझी जीभ जड होते. नको असलेलं मात्र मी हसतमुखानं खाते.

तर शिताके. ही वाळवलेली अळंबी आमच्याकडे खोक्यानं येते. ह्यांचे मामा डोंगरात ओंडक्यांवर ती पिकवतात आणि दर हिवाळ्यात पाठवतात. मारेट आली त्या संध्याकाळी मी टेबल भरून टाकलं होतं, आणि एका लहान वाटीत साखर-सोयात आटवलेले शिताके ठेवले होते. तिनं एक तुकडा उचलला, बराच वेळ चावला, गिळला आणि म्हणाली, "छान आहे." मग फोनवर भाषांतर करून दाखवलं की तिची आजी जंगलात जाऊन अळंबी गोळा करते. झालं! अळंबीच्या देशातली पोर, तिला अळंबी आवडणारच. तेव्हापासून तिच्या डब्यात आठवड्यातून तीनदा शिताके. आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवायचे. सकाळी सहाला घरभर तो वास भरतो. वर्षभर बंद असलेल्या कपाटाचा असावा तसा. मला तो वास सहन होत नाही. चव तर त्याहून नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या जेवणाला हेच वाढलं होतं, आणि मीही म्हणाले होते, छान झालंय. त्याची शिक्षा तेवीस वर्षं चालली. तो बुळबुळीत तुकडा दाताखाली आला की मी दुसरंच काही मनात आणायची: उद्याचं धुणं, गच्चीवरच्या मुळ्यांना मीठ लावायचं राहिलंय, काहीही. शूहेई मात्र डब्यातून ते सरळ परत आणायचा. मी रागवायची. आजीनं केलेलं टाकतोस? लाज नाही वाटत? आणि सासूबाईंच्या नजरेला पडू नयेत म्हणून इथेच, याच सिंकशी उभी राहून, त्याच्या वाटचेही मीच गिळायची. शेवटच्या वर्षी सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते. एका दुपारी आम्ही दोघीच जेवत होतो. त्यांनी हात लांब करून माझ्या वाटीतले तुकडे आपल्या काड्यांनी एक एक करून उचलले, आपल्या वाटीत घेतले आणि सावकाश खाल्ले. एक मधेच निसटून टेबलावर पडला, तोही उचलला. काही बोलल्या नाहीत. मीही नाही. दोन आठवड्यांनी त्या गेल्या. त्यांना कधीपासून ठाऊक होतं? त्या वर्षापासून, की पहिल्या जेवणापासून? एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत माझ्या डोक्यात हे एकच घोळत होतं, आणि विचारणार कुणाला? त्यानंतर मी शिताके करणं सोडलं. मामांचं खोकं आलं की शेजारच्या गोतोबाईंना देऊन टाकायची. सहा वर्षं घर त्या वासावाचून होतं, आणि मग या परक्या पोरीसाठी मी तो हौसेनं परत आणला.

पाच वाजले. गल्लीतल्या खांबावरच्या भोंग्यातून पालिकेची रोजची धून वाजली. वर पावलं ऐकू येत होती. कपाटापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, परत कपाटापर्यंत. बॅग भरतेय का? पण बॅग भरणारं माणूस मधेच थांबतं, वाकतं. ही नुसती फिरत होती. मला मात्र सगळं कळून चुकलं होतं. दुपारी एतोबाई शाळेत येऊन गेल्या असणार. ही म्हणाली असणार, जाते. आणि एकदा जायचं ठरल्यावर माणूस कशाला गिळतं नको ते? तीन तुकडे म्हणजे तिचा निरोप. मी डबा तसाच ओट्यावर ठेवला, मुळा किसायला घेतला. राग नव्हता आला, खरंच नव्हता. उलट किसता किसता वाटत होतं, मला किती मिळालं. शूहेई गेल्यावर हे घर इतकं गप्प झालं होतं की भात शिजल्याची शिट्टीसुद्धा मोठी वाटायची. आता सकाळी साडेसहाला मी तिच्या खोलीत जाऊन पडदा सर्रकन ओढते, ती डोक्यावरून पांघरूण घेते आणि स्वतःच्या भाषेत मला काहीतरी म्हणते. काय म्हणते ते मी विचारत नाही. न्याहारीला आंबवलेल्या सोयाबीनला चाळीस वेळा घोटते, आकडे मोठ्यानं मोजत. ह्यांनी तिला सांगितलंय चाळीसच हवेत, तर ती एकोणचाळीसला थांबणार नाही. वाळत घातलेल्या कपड्यांत तिच्या आजीनं विणलेले लाल मोजे असतात. गल्लीतून जाणाऱ्यांना दिसावेत म्हणून मी ते बाहेरच्या दांडीवर घालते. बाथरूममध्ये ती गाते, भसाड्या आवाजात. जेवण झालं की शेगडी बसवलेल्या टेबलाखाली, एकाच रजईत, तिघांचे पाय. ह्यांचे पाय सतत गार, ती ओरडते. यातलं कावानो डेंटिस्टला काय कळणार? त्यांच्याकडे जमीनच तापते म्हणे. असं सगळं मनात येत होतं आणि मला बरं वाटत होतं, पोट भरल्यासारखं, आणि त्याच वेळी किसणीवर बोट गेलं. थोडंसंच. बोट तोंडात धरून मी उभी राहिले, आणि तेव्हा कुठे मला समजलं की मी रडायच्या बेतात आहे.

हे सहाला आले. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायचा हा ह्यांचा धंदा. घरी आल्यावरही बोलता बोलता उजवा पाय मधेच दाबला जातो. मी डबा पुढे केला.

"राहिलेत," हे म्हणाले.

"राहिलेत नाही. ठेवलेत."

त्यांनी वाकून पाहिलं, एक तुकडा बोटांनी उचलला आणि खाऊन टाकला. "चांगले झालेत की."

"अहो! ती जाणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"मग हे काय सांगतायत?"

"मशरूम आहेत ते, सुमिए. मशरूम काही सांगत नसतात." दुसरा तुकडा गेला. "तू एतोबाईंना काय सांगितलंस?"

"आमची हरकत नाही म्हणाले."

ते एकदम हसायला लागले. "हरकत नाही! मी लग्नाचं विचारलं तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. दोन महिने झोप नव्हती मला. आई म्हणायची, अरे, ती हो म्हणालीय. मी म्हणायचो, कुठं म्हणालीय?"

हे त्यांनी मला एकोणतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात जिना वाजला. मारेट दारात येऊन उभी राहिली. गणवेश तसाच अंगावर, चेहरा लालबुंद. तिनं डब्याकडे पाहिलं, ह्यांच्या बोटांकडे पाहिलं.

"मी वाक्यं पाठ केलीत," ती म्हणाली. "वर फिरून फिरून. मधे बोलू नका, नाहीतर विसरेन."

मी मान हलवली.

"आई, मला शिताके आवडत नाहीत. पहिल्या दिवशीही आवडले नव्हते. आजी जंगलातून आणते तीही अळंबी मला आवडत नाही. आजीही रागावते. पहिल्या दिवशी छान म्हणाले कारण मला तो एकच शब्द येत होता. नंतर तुम्ही इतक्या आनंदानं देत होता, मग मी पाण्याबरोबर गिळत होते. आज दुपारी एतोबाई आल्या. मी राहते म्हणाले. मग वर्गात जाऊन डबा उघडला, आणि परत हेच." तिनं श्वास घेतला. "जायचं असतं तर खाल्ले असते. तीन आठवडेच राहिले होते, गपचूप खाल्ले असते. पण जुलैपर्यंत राहायचं तर नाही जमणार. म्हणून ठेवले. आणि मग डबा तुमच्या हातात द्यायची भीती वाटली."

मी ओट्याला टेकले आणि तिथूनच खाली बसले. मारेट घाबरली, धावत आली, माझ्यासमोर फरशीवर बसली. मला हसू येत होतं की रडू ते मलाच कळत नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "मलाही नाही आवडत."

"काय?"

"शिताके. मलाही नाही आवडत. कधीच नाही आवडले."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे एवढाले झाले. "मग करता कशाला?"

"तुझ्यासाठी."

"मला आवडतात," हे मागून म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगतो." आणि तिसरा तुकडा खाल्ला.

मग मारेट जी हसत सुटली ती थांबेचना. मीही. फरशी गार होती, माझ्या बोटाला रक्त होतं, मुळ्याचा कीस पाणी सुटून बसला होता, आणि उठावंसं वाटत नव्हतं. मनात आलं, हे त्या दुपारी माझ्याकडून झालं असतं तर? टेबलापलीकडे सासूबाई होत्याच की. एवढं सोपं होतं? आवडत नाही, म्हणायचं. समोरच्या माणसानं म्हणायचं, मग सांगायचं नाहीस का गं, वेडे. तेवीस वर्षं दोघी एकमेकींना जपत राहिलो आणि जपता जपता लांब राहिलो. या पोरीनं ते साडेतीन महिन्यांत उरकलं, पाठ केलेल्या वाक्यांत का होईना.

"आणखी काय आवडत नाही?" मी विचारलं. "सांग. आजच सगळं सांगून टाक."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग कळलं की नाही. ती मांडी बदलून नीट बसली. "पडदा. सकाळी तुम्ही न विचारता पडदा ओढता. मला राग येतो. मी काय म्हणते ते तुम्हाला कळत नाही म्हणून बरं."

"तीन हाका मारूनही उठत नाहीस, मग दुसरं काय करू? आणि ओला टॉवेल? रोज चटईवर! चटई काळी पडलीय तिथं. दोन महिने बघतेय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"पाहुण्यांना कसं सांगायचं?"

"हेच!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ह्यांचा पाय दाबला गेला. "हेच मला सगळ्यात जास्त आवडत नाही. गोतोबाई म्हणतात, मारेट किती गुणी. तुम्ही म्हणता, हो ना, फारच गुणी. शूहेईला कुणी चांगलं म्हटलं तर तुम्ही काय म्हणता? छे हो, कसला चांगला, कामचुकार आहे. माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या आया तसंच बोलतात. आपल्या मुलांबद्दल. फक्त मी एकटी गुणी." तिचा ओठ थोडा हलला. "आणि एतोबाई म्हणाल्या, त्यांची हरकत नाही. हरकत नाही म्हणजे काय, आई? हवी की नको?"

हा प्रश्न मला आजवर कुणी असा तोंडावर विचारला नव्हता. ह्यांनीही नाही. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हवी," मी म्हणाले. इतकंच बोलायला केवढा वेळ लागला. "हवी आहेस. सोमवारी एतोबाई समोर बसल्या होत्या तेव्हाही हवीच होतीस. कावानोंच्या घरावर वीज पडावी असंही एकदा मनात आलं होतं."

"कुत्र्याचं काय पण?" ती म्हणाली.

"कुत्रा सोडून."

बरं, तिनं म्हटलं ते खोटं नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणत असेल. आमच्याकडे रीत उलटी. दुसऱ्याचा तो बाब्या, आपलं ते कार्टं. आपल्या माणसाची चारचौघांत स्तुती करायची नाही, कुणी केली तर ती खोडून काढायची, ही इथली सभ्यता. परक्याच्या मुलाचं मात्र तोंड भरून कौतुक करायचं. मी मारेटचं साडेतीन महिने तोंड भरून कौतुक करत होते. गोतोबाईंपाशी, भाजीवाल्यापाशी, शाळेतल्या बाईंपाशी. मला वाटायचं, मी तिच्यावर माया करतेय. आणि ही शेजारी उभी राहून ऐकायची, घरी येऊन डबा पुसून द्यायची.

आम्ही उठलो. तिनं माझ्या बोटाला पट्टी लावली, वाकडी. हे मासे भाजायला उभे राहिले आणि एक बाजू करपवलीच. टेबलाशी बसून पहिला घास घेतला तेवढ्यात फोन वाजला. सात वाजले होते, एतोबाईंचं घड्याळ कधी चुकत नाही. मी भिंतीशी जाऊन रिसीव्हर उचलला. पाठीमागे काड्या थांबल्याचं मला न बघता कळलं.

"हिमेनोबाई, ती तुमच्याकडेच राहायचं म्हणते," एतोबाई म्हणाल्या. "तुमची हरकत नाही म्हणाला होतात, म्हणून म्हटलं कळवावं. कावानोंना मी सांगते समजावून. पण खरंच, फार गुणी मुलगी मिळाली हो तुम्हाला."

हो ना, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. इतके सवयीचे. मी ते गिळले. गिळण्याचा सराव मला दांडगा.

"कसली गुणी!" मी म्हणाले. "सकाळी तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. ओला टॉवेल चटईवर टाकून चटई घालवली. आणि खाण्याचे नखरे तर विचारू नका, चार पदार्थांतला एक डब्यात परत. आमच्या कार्टीपायी तुम्हाला उगाच धावपळ झाली, एतोबाई, माफ करा हं."

पलीकडे एतोबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं. बरं झालं हो."

मी मागे वळले नाही, वळवलंच नाही मला. मागून मारेटचा आवाज आला, कुजबुजता पण सबंध घराला ऐकू जाईल असा.

"बाबा, ऐकलंत? आई किती वाईट बोलली माझ्याबद्दल!"

"ऐकलं," हे म्हणाले. "आता जुलैपर्यंत ऐक. जेव, मासा गार होतोय."

मग मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि एतोबाईंना तिच्या आणखी दोन खोड्या सांगितल्या.